कज्ज्याच्या कागदातला पूर्वज

कुलवृत्तान्त हा मराठीतील एक जुना आणि आदरणीय प्रकार आहे. मूळपुरुष, गोत्र, कुलदैवत, वंशवेल, एखादी सनद, लढाईत कामी आलेला एखादा पणजोबा, असे सारे त्यात असते. एक गोष्ट मात्र सहसा नसते. ती म्हणजे भांडण. वस्तुतः दोन-तीनशे वर्षांपूर्वीच्या ज्या सामान्य जमीनधारकाचे नाव आज कागदावर उरले आहे, त्याचे ते उरण्याचे कारण बहुतेक वेळा भांडण हेच असते. ज्याचा बांध कोणी कोरला नाही, ज्याचे कर्ज वेळेवर फिटले आणि ज्याचे भाऊबंद शहाणे निघाले, तो मनुष्य दप्तरातून नाहीसा होतो. उरतो तो कज्जेदार. पूर्वजाचा शोध घेणाऱ्याने हे आधीच मनाशी ठरवून निघावे, कारण त्यास जो पूर्वज भेटणार आहे तो कोणाशी तरी तंडत असलेला भेटणार आहे.

या प्रतिपादनासाठी आम्ही जे उदाहरण घेत आहोत ते दूरचे आहे : सतराव्या शतकातील व्हर्जिनियाचे. ते घेण्यास कारण आहे. मराठी साहित्याच्या विद्यार्थ्यास अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे साहित्य परके नाही. डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले, जनार्दन वाघमारे यांनी त्या साहित्यावर मराठीत ग्रंथ लिहिला, १९७२ साली स्थापन झालेल्या दलित पँथरने तर आपले नावच तिकडून घेतले. तेव्हापासून आपल्या वर्गांतून हा संबंध सांगितला जातो. पण तो सांगताना आपण आत्मकथने, कविता आणि कादंबऱ्या यांपाशी थांबतो. या साहित्याच्या पाठीशी कोर्टकागदांचे केवढे दप्तर उभे आहे, इकडे आपले लक्ष गेलेले नाही.

ॲलेक्स हेली यांचे ‘रूट्स’ (१९७६) आपल्या पिढीतील अनेकांनी वाचले आहे. गँबियातील जुफुरे गावचा कुंटा किंटे १७६७ साली जहाजातून ॲनापोलिसला उतरतो, वॉलर घराण्याकडे विकला जातो, त्याचे नाव टोबी ठेवले जाते, आणि सात पिढ्यांनंतर त्याचा वंशज त्याला शोधून काढतो. एका समाजाला पूर्वज मिळवून देणारे हे पुस्तक होते. त्याची थोरवी आम्ही नाकारत नाही. परंतु १९८१ साली गॅरी मिल्स आणि एलिझाबेथ शोन मिल्स या अभ्यासकांनी व्हर्जिनियातील काउंटी कोर्टांचे कागद तपासले, तेव्हा वॉलरांच्या कागदांत टोबी नावाचा गुलाम ते जहाज येण्याच्या पाच वर्षे आधीच नांदत असल्याचे दिसून आले. म्हणजे कागदातला टोबी आणि कथेतला कुंटा हे एकच नव्हेत. ललित लेखक म्हणून हेलींना स्वातंत्र्य होतेच. त्यांनी ते इतिहास म्हणून पुढे केले, एवढाच आक्षेप. आमचा मुद्दा निराळा आहे. ज्या काउंटी कोर्टाच्या कागदांनी हेलींचा पूर्वज हिरावून घेतला, त्याच जातीच्या कागदांत दुसरे काही पूर्वज बसलेले होते आणि त्यांच्याकडे कोणी कादंबरीकार फिरकला नव्हता.

हे काउंटी कोर्ट म्हणजे काय, ते थोडे सांगितले पाहिजे. सतराव्या शतकातील व्हर्जिनियात तेथे कायदा शिकलेला न्यायाधीश नसे. त्या भागातील वजनदार मळेवाले एकत्र बसत आणि निवाडा करीत. त्यांच्यापुढे यायचे तरी काय काय? जमिनीची खरेदीखते, मृत्युपत्रे, अनाथ मुलांची व्यवस्था, अनौरस संततीचा प्रश्न, उधारी, शिवीगाळ, गुरांच्या कानांवर कापायच्या खुणांची नोंद. कर्जे तंबाखूच्या वजनात मोजली जात, कारण तंबाखू हेच चलन होते. हे सारे कारकून एका वहीत उतरवून ठेवी. व्हर्जिनियातील पुष्कळ काउंट्यांच्या वह्या आगीत गेल्या. यादवी युद्धाच्या अखेरीस, १८६५ साली, सुरक्षित राहाव्यात म्हणून रिचमंडला हलवलेल्याही जळाल्या. पण चेसापीक उपसागराच्या पूर्वेला, समुद्रात शिरलेल्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्टीवर, नॉर्थॅम्प्टन काउंटीच्या वह्या १६३२ पासून अखंड टिकून राहिल्या. इतके जुने आणि सलग काउंटी दप्तर अमेरिकेत दुसरे नाही. योगायोग हा इतिहासाचा मोठा ग्रंथपाल आहे, असे म्हणावेसे वाटते.

या वह्यांत अँथनी जॉन्सन भेटतो. १६२१ साली ‘जेम्स’ नावाच्या जहाजातून आलेला हा आफ्रिकी मनुष्य आधी केवळ ‘अंतोनिओ’ असतो. आडनाव नाही, गाव नाही. नावापुढे वर्णाचा उल्लेख तेवढा. पुढील वर्षी मार्चमध्ये मूळ रहिवाशांनी वसाहतींवर हल्ला केला, तेव्हा तो ज्या बेनेटच्या मळ्यावर होता तेथील पन्नासाहून अधिक माणसे मारली गेली. वाचलेल्या मोजक्यांत तो होता. त्याच वर्षी मेरी नावाची आफ्रिकी स्त्री दुसऱ्या एका जहाजातून तेथे आली. त्यांचा संसार चाळीस वर्षांहून अधिक टिकला. बंधनातून ती दोघे मोकळी झाली, आणि १६५१ च्या जुलैमध्ये पंगोटीग खाडीकाठी अडीचशे एकर जमिनीचा पट्टा अँथनी जॉन्सन या पूर्ण नावाने झाला. वसाहतीत माणूस आणणाऱ्यास माणशी पन्नास एकर मिळत, त्या नियमाने पाच माणसांचे हे अडीचशे एकर. १६५२ मध्ये मुलगा जॉन याच्या नावे साडेपाचशे आणि १६५४ मध्ये रिचर्डच्या नावे शंभर एकर झाले. तिघांची बेरीज नऊशे एकर. जहाजाच्या तळातून आलेल्या माणसाच्या कुटुंबाची ही जमीन.

तारखांविषयी एक गोष्ट येथेच सांगावी. त्या काळी इंग्रजी अमलात वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे आपण ज्याला फेब्रुवारी १६५३ म्हणतो तो महिना वहीत १६५२ म्हणून येतो. शक आणि फसली यांची सांगड घालताना गोंधळलेल्या आपल्या संशोधकांना याचे नवल वाटणार नाही. पण इंग्रजी कागद म्हणजे सरळ कागद असे समजणाऱ्यांनी सावध राहावे.

तर त्या फेब्रुवारीत जॉन्सनच्या मळ्याला आग लागून मोठे नुकसान झाले होते आणि त्याने कोर्टाकडे अर्ज केला. मळेवाल्यांच्या त्या कोर्टाने काय करावे? हे जोडपे तीस वर्षांहून अधिक काळ येथे राहत आहे, त्यांचे कष्ट सर्वांस ठाऊक आहेत, असे नमूद करून मेरीची आणि तिच्या दोन मुलींची डोईपट्टी कायमची माफ केली. आता ही डोईपट्टी समजून घेतल्याशिवाय त्या माफीची किंमत कळत नाही. १६४३ च्या कायद्याने आफ्रिकी स्त्रियांवर ती लादलेली होती. घरकाम करणाऱ्या गोऱ्या स्त्रियांवर नव्हती. म्हणजे कोर्टाने आगीचे निमित्त करून या तीन स्त्रियांना त्या बाबतीत गोऱ्या स्त्रियांच्या पंक्तीला बसवले. शब्द दयेचे आहेत, परिणाम दर्जाचा आहे. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने असे वाक्य हाती घेऊन तासभर बसावे, असे आम्हांस वाटते.

याच वह्यांत १६४५ सालची एक जबानी आहे. कॅप्टन टेलर आणि अँथनी यांनी शेतात जाऊन मक्याची वाटणी केली. परत आल्यावर अँथनी कारकुनाला म्हणाला की वाटणी झाली हे फार बरे झाले; हा म्हणतो मी काम करीत नाही; पण आता माझी जमीन कोणती ते मला ठाऊक आहे, मनाला येईल तेव्हा काम करीन, मनाला येईल तेव्हा खेळेन. हे आम्ही सारांशाने देत आहोत. टिमथी ब्रीन आणि स्टीफन इनिस या इतिहासकारांनी १९८० साली या लोकांवर जो छोटेखानी ग्रंथ लिहिला, त्याचे शीर्षक या जबानीतूनच उचललेले आहे. जबानीत अँथनीला आडनाव नाही. हे दोघे इतिहासकार तो जॉन्सनच असे धरून चालतात. पण नॉर्थॅम्प्टनमध्ये अँथनी एकच नव्हता. अँथनी लाँगो नावाचा दुसरा स्वतंत्र आफ्रिकी शेतकरी होता आणि तोही तोंडाचा फटकळ. १६५५ साली त्याच्याकडे कोर्टाचे वॉरंट घेऊन मनुष्य गेला, तेव्हा मका घरात यायचा आहे, मला दुसरे काम नाही काय, असे सुनावून त्याने त्या वॉरंटाविषयी जो शब्द उच्चारला तो येथे लिहिण्यासारखा नाही. कारकुनाने मात्र तो इमानेइतबारे लिहून ठेवला आहे. लाँगोला फटक्यांची शिक्षा झाली आणि आपल्याला सतराव्या शतकातील एका शेतकऱ्याचा आवाज मिळाला.

येथवर कोणाही वंशजाचा ऊर भरून यावा असेच सारे आहे. पण वही येथे थांबत नाही.

१६५४ च्या नोव्हेंबरात कॅप्टन गोल्डस्मिथ जॉन्सनच्या घरी गेला असता तेथला आफ्रिकी चाकर जॉन कॅसर त्याच्यापुढे उभा राहिला. आपण सात-आठ वर्षांच्या करारावर आलो होतो, जॉन्सनने मुदतीबाहेर आणखी सात वर्षे राबवून घेतले, असे त्याचे म्हणणे. जॉन्सनचे म्हणणे असे की करारनामा कधी पाहिलाच नाही. हा जन्मभरासाठी माझा आहे. शेजारच्या पार्कर बंधूंनी कॅसरची बाजू घेतली. जॉन्सनची पत्नी, दोन मुलगे आणि जावई यांनी म्हाताऱ्याला समजावले आणि त्याने कॅसरला मोकळे केले. कॅसर रॉबर्ट पार्करच्या मळ्यावर कामाला गेला. नंतर म्हाताऱ्याचे मन फिरले. त्याने पार्करवर फिर्याद केली, आणि १६५५ च्या मार्चमध्ये कोर्टाने निकाल दिला की कॅसर हा जॉन्सनचा असून त्याने धन्याकडे परत जावे. एका आफ्रिकी माणसाने कोर्टात जाऊन दुसऱ्या आफ्रिकी माणसाचा जन्म मागितला आणि त्याला तो मिळाला.

हा तो क्षण, जेथे कुलवृत्तान्ताचा लेखक पान उलटून पुढे जाईल. आमच्या मते थांबण्याची जागा नेमकी हीच आहे. ही कथा सांगताना त्या घरातील चौघांकडे दुर्लक्ष होते. बायको, दोन मुले, जावई. त्यांनी म्हाताऱ्याला समजावले हे एवढेसे वाक्य गोल्डस्मिथच्या जबानीत राहून गेले आहे. त्यांनी ते दयेपोटी केले की पार्करांच्या आणि कॅसरच्या धमक्यांना भिऊन? कॅसर आपली गुरे वसूल करील अशी भीती त्या घरात होती, असेही जबानीतच येते. दोन्ही वाचने शक्य आहेत आणि कादंबरीकाराला लागणारे सर्व काही त्यात आहे. ज्याला जमीन नव्हती त्याला ती मिळाली की तो जमीनदाराचे सर्व नियम शिकतो. या घरात ते किमान एकदा तरी चुलीपाशी बोलले गेले असले पाहिजेत.

या निकालाचा आज जो उपयोग केला जातो त्याविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. ‘अमेरिकेतील पहिला गुलाममालक कृष्णवर्णीयच होता’ असे एक विधान आंतरजालावर वर्षानुवर्षे फिरते आहे, जॉन्सनच्या नावाने. हेतू उघड आहे : तुमचाच पूर्वज दोषी, मग आमच्याकडे बोट का दाखवता? हे विधान खोटे आहे. १६४० साली व्हर्जिनियाच्या वरिष्ठ कोर्टाने पळून गेलेल्या तीन चाकरांना शिक्षा दिली. एक डच, एक स्कॉट आणि एक आफ्रिकी. पहिल्या दोघांची चाकरी काही वर्षांनी वाढली. जॉन पंच या आफ्रिकी माणसाला जन्मभराची चाकरी ठोठावण्यात आली. अपराध एक, शिक्षा दोन. गुलामगिरीचा पाया असल्या निकालांनी आणि पुढे १६६२ च्या कायद्याने घातला गेला. मूल आईच्या स्थितीला जाईल, असे त्या कायद्याने ठरले. जॉन्सनने हा पाया घातला नाही. घातल्या जात असलेल्या पायावर तो आपले घर बांधू पाहत होता. त्याने केले ते अन्यायाचे होते, एवढे म्हणण्यास इतिहासाची मोडतोड करावी लागत नाही. (याच जॉन पंचचे बारावे-तेरावे वंशज बराक ओबामा असावेत, आणि तेही त्यांच्या गोऱ्या आईकडून, असे एका वंशावळ-कंपनीने २०१२ साली जाहीर केले, पुरावा संभाव्यतेचा आहे, पण कागद पूर्वजाला कोठून कोठे नेतात हे त्यातून कळते.)

आणि जॉन्सनचे घर टिकले का? १६६० नंतर हे कुटुंब उत्तरेला मेरीलँडमधील सॉमरसेट काउंटीत गेले. कॅसरही बरोबर गेला. तेथे त्यांनी तीनशे एकर खंडाने घेतले. मागे व्हर्जिनियात बडा मळेवाला एडमंड स्कार्बरो याने जॉन्सनचे कर्ज कबूल करणारे पत्र कोर्टापुढे ठेवले आणि ते ग्राह्य ठरले. जॉन्सनला लिहिता येत नव्हते. तो कागदावर निशाणी करी. १६७० साली अँथनी वारला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व्हर्जिनियातील पंचांनी ठरवले की तो आफ्रिकी, अर्थात परका होता, म्हणून त्याची तेथील जमीन सरकारजमा व्हावी. मुलगा रिचर्ड याला दिलेल्या पन्नास एकरांवर तो बायकामुलांसह पाच वर्षे राहत होता, तीही गेली आणि जॉर्ज पार्करच्या हाती पडली. तोच शेजारी पार्कर. ज्या कोर्टाने १६५३ मध्ये या कुटुंबाचे तीस वर्षांचे रहिवासित्व आदराने नोंदवले, त्याच कुळीच्या कागदात सतरा वर्षांनी ‘परका’ हा शब्द येतो. मधल्या काळात माणूस तोच होता. वसाहतीची गरज बदलली होती.

एका घराण्याची कथा म्हणून ही सोडून द्यावी, असे कोणी म्हणेल. पॉल हाइनेग या गृहस्थांनी तसे केले नाही. सासरच्या घराण्याचा शोध घेता घेता त्यांनी व्हर्जिनिया, उत्तर कॅरोलायना आणि आसपासच्या काउंट्यांच्या करयाद्या व कोर्टाच्या वह्या वर्षानुवर्षे चाळल्या आणि शेकडो स्वतंत्र कृष्णवर्णीय घराण्यांच्या वंशावळी उभ्या केल्या. त्यांचा निष्कर्ष असा की यांतील बहुसंख्य घराण्यांची मूळस्त्री ही गोरी चाकर होती. हे कळले कसे? १६९१ च्या कायद्याने अशा स्त्रीच्या मिश्रवर्णी मुलाला तिसाव्या वर्षापर्यंत चाकरीत बांधून टाकावयाचे होते आणि तसा हुकूम काउंटी कोर्टात नोंदला जाई. अपमान म्हणून लिहिलेली ती ओळ आज वंशजाच्या हातात स्वातंत्र्याचा दाखला होऊन येते. शिक्षा देणाऱ्या कारकुनाच्या ध्यानीमनीही हे नसणार.

आता आपल्याकडे. आपल्याकडचा महजर हा या वह्यांचा सख्खा नव्हे, पण चुलत भाऊ आहे. वतनाचा वाद पडला की गोत बसे, पाटील-कुलकर्ण्यांपासून महारापर्यंत जमलेल्यांची नावे लिहिली जात, साक्षी होत, निशाण्या उमटत. पाटलाच्या नावापुढे नांगर असे. राजवाड्यांनी आणि त्यांच्या मागून आलेल्यांनी असे कितीतरी कागद छापून ठेवले आहेत. आपण बखर अभ्यासक्रमाला लावली, कारण तिच्यात वीर आणि उपमा आहेत. महजर इतिहासाच्या मंडळींना देऊन टाकला. परिणाम असा की वंशाचा शोध ही सनद असणाऱ्यांची मिरास झाली आणि महार वतनदाराचा वंशज ‘आमचे कागद कोठले?’ असे विचारू लागला. कागद आहेत. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते वतन म्हणजे जमीन देऊन गळ्यात घातलेला दोर आहे हे ओळखूनच. आणि १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली. त्या दोराचे जुने पीळ पाहायचे असतील तर साक्षीदारांच्या यादीत शेवटी आलेली नावे वाचावी लागतील. तेथे भेटणारा पूर्वज दर वेळी सोसणाराच असेल असे नाही. कोठे तो शेजारगावच्या महाराशी हद्दीवरून आणि हक्कावरून भांडतानाही दिसेल. त्याला तसाच घरी आणण्याची तयारी हवी.

मोडीची अडचण आम्ही जाणतो. मराठी घेऊन एम. ए. झालेल्या किती जणांना मोडीची चार ओळी वाचता येतील, हा प्रश्न विचारताना आमची मानही खाली जाते. नॉर्थॅम्प्टनच्या कारकुनाचे अक्षरही काही मोत्यांसारखे नाही. तिकडचे विद्यार्थी ते शिकतात, एवढेच.

जॉन्सनांचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. १६७७ साली अँथनीच्या नातवाने, त्याचेही नाव जॉन, मेरीलँडमध्ये चव्वेचाळीस एकरांचे शेत विकत घेतले. नऊशे एकरांपुढे ते काहीच नव्हते. शेताला नाव देण्याची तिकडे रीत होती. आजोबांच्या जमिनीला ‘टोनीचा द्राक्षमळा’ म्हणत. नातवाने व्हर्जिनिया पाहिलेला होता, मेरीलँड पाहिलेला होता. आफ्रिका पाहिलेली नव्हती. शेताच्या नावाच्या जागी त्याने लिहवून घेतले, ‘अंगोला’. १७३० च्या सुमारास हे घराणे कागदांतून दिसेनासे होते.